हॅम्बुर्गचा दिवा : केव्हिन कीगन साउदॅम्प्टनला आला, त्या दिवसाची गोष्ट

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा दोन-तीन जणांनी मला विचारलं की इतिहासाच्या मालेत फुटबॉल कशाला? आणि घ्यायचाच तर वर्ल्ड कप घ्या, पेले घ्या, मॅराडोना घ्या. हे साउदॅम्प्टन मधेच कुठून काढलं? प्रश्न रास्त आहे. मी उत्तर लगेच देत नाही, आधी प्रसंग सांगतो.

फेब्रुवारी 1980. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर साउदॅम्प्टन हे बंदराचं शहर आहे. तिथून थोडं आत, रॉमसीहून विंचेस्टरला जाणाऱ्या रस्त्यावर ॲम्पफिल्ड नावाचं गाव लागतं आणि तिथे पॉटर्स हेरन नावाचं हॉटेल आहे. साउदॅम्प्टन फुटबॉल क्लबचा मॅनेजर लॉरी मॅकमेनेमी याने तिथे पत्रकारांना बोलावलं. कशासाठी, ते सांगितलं नाही. क्लबच्या भविष्यात मोठा वाटा असणाऱ्या एका व्यक्तीशी तुमची ओळख करून द्यायची आहे, एवढाच निरोप. आता असा निरोप आला की पत्रकार काय समजणार? कोणी नवा संचालक असेल, कोणी पैसेवाला असेल, नाहीतर स्टेडियमचा काहीतरी आराखडा दाखवायचा असेल. मंडळी चहा-बिस्किटांच्या तयारीने गेली. आणि दारातून आत आला केव्हिन कीगन.

तुमच्यातल्या अनेकांना हे नाव ओळखीचं नसेल, म्हणून तो त्या क्षणी कोण होता ते सांगायला हवं. कीगन म्हणजे इंग्लंडचा कर्णधार. 1978 आणि 1979 अशी लागोपाठ दोन वर्षं युरोपातला सर्वोत्तम फुटबॉलपटू. हा मान दोनदा मिळवणारा दुसरा इंग्रज खेळाडू आजवर झालेला नाही. लिव्हरपूलकडून त्याने तीन वेळा लीग जिंकली होती, 1977 मध्ये रोमला युरोपियन कप जिंकला होता, आणि त्यानंतर तो जर्मनीत हॅम्बुर्गला गेला होता. 1979 मध्ये हॅम्बुर्गने जर्मन लीग जिंकली त्यात तो होता. उंची जेमतेम पाच फूट आठ इंच, कुरळे करून घेतलेले केस, जर्मन लोक त्याला लाडाने 'माइटी माउस' म्हणायचे. त्याने गाण्याची रेकॉर्डही काढली होती, अत्तराच्या जाहिरातीत तो होता. थोडक्यात, ज्यांना फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं त्यांनाही ठाऊक असलेला चेहरा. तो इंग्लंडला परत येणार म्हणजे लिव्हरपूलला येणार, नाहीतर मॅन्चेस्टर युनायटेडला, किंवा परदेशातच राहायचं तर इटलीत युव्हेंटसला, असा सगळ्यांचा हिशेब.

आणि साउदॅम्प्टन? क्लबची स्थापना 1885 ची. सेंट मेरी चर्चच्या तरुण मंडळींनी काढलेला, म्हणून टोपणनाव 'सेंट्स'. पहिल्या श्रेणीत हा क्लब पहिल्यांदा पोहोचला तोच मुळी 1966 मध्ये. 1974 ला खाली घसरला, 1978 ला परत वर आला. मधे 1976 साली दुसऱ्या श्रेणीत असताना त्यांनी मॅन्चेस्टर युनायटेडला हरवून एफए कप जिंकला होता. बॉबी स्टोक्स नावाच्या खेळाडूचा 83 व्या मिनिटाचा एकुलता एक गोल. मोठा म्हणावा असा तोच एक चषक, तेव्हाही आणि आजही. त्यांचं मैदान 'द डेल' हे घरांच्या रांगांमध्ये कोंबून बसवलेलं. तिथे त्या काळात पंचवीसेक हजार माणसं दाटीवाटीने उभी राहायची.

तर अशा क्लबात युरोपचा सर्वोत्तम खेळाडू. गावच्या भजनी मंडळात अचानक भीमसेन जोशी कायमचे दाखल व्हावेत, असं काहीसं. उपमा थोडी ताणलेली आहे, मान्य. साउदॅम्प्टन अगदीच भजनी मंडळ नव्हतं. पण त्या गावातल्या लोकांना वाटलं ते याच जातीचं.

आता इतिहासाचा विद्यार्थी म्हणून माझी अडचण सांगतो. पुढे काय झालं? कीगन तिथे दोन हंगाम खेळला. त्या दोन हंगामांत साउदॅम्प्टनने काय जिंकलं? काहीही नाही. पहिल्या हंगामात सहावा क्रमांक, दुसऱ्यात सातवा. सहावा हा क्लबचा तोवरचा सर्वांत वरचा क्रमांक होता हे खरं, पण सहाव्या क्रमांकाला कोणी कप देत नाही. क्लबचा इतिहासातला सर्वोत्तम हंगाम आला तो 1983-84 चा. तेव्हा ते लीगमध्ये दुसरे आले आणि एफए कपच्या उपांत्य फेरीपर्यंत गेले. त्या वेळी कीगन तिथे नव्हता. म्हणजे निकालांचा तक्ता समोर ठेवून जो इतिहास लिहील, त्याला कीगनसाठी एक परिच्छेद पुरेसा आहे. पण त्या शहरातल्या त्या पिढीच्या माणसाला विचारा. 1976 च्या कपच्या खालोखाल तो कीगन आल्याचा दिवस सांगतो. तो कसा खेळला हे नंतर. आधी तो आला, हे.

मग आपण कोणत्या इतिहासाला धरायचं? आपल्याकडे हा वाद जुना आहे. वि. का. राजवाडे यांनी 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी बखरींना चांगलंच झोडपलं. बखरकार ऐकीव सांगतो, सनावळ्या चुकवतो, माणसं इकडची तिकडे करतो. खरा पुरावा अस्सल समकालीन कागदाचा, असं त्यांचं म्हणणं. ते बरोबरच होतं. पण राजवाड्यांनंतर शंभर वर्षांत आपण हेही शिकलो की बखर घटनेविषयी चुकली, तरी ती सांगणाऱ्यांविषयी बरंच खरं सांगून जाते. कीगनच्या त्या दिवसाचे कागद आहेत आणि बखरही आहे. दोन्ही शेजारी ठेवून बघू.

बखर सुरू होते ती एका दिव्यापासून.

मॅकमेनेमीने ही गोष्ट आयुष्यभर सांगितली, कीगननेही सांगितली. मॅकमेनेमीच्या घराचं काम चाललं होतं. त्याला एक विशिष्ट प्रकारचा दिवा हवा होता आणि तो हॅम्बुर्गला बनतो असं त्याला समजलं. मग त्याने कीगनला फोन लावला, की बाबा रे, तू हॅम्बुर्गला आहेस, एवढा दिवा बघून पाठवशील का? कीगन म्हणाला, बघतो. आणि मग बोलता बोलता, सहज म्हणून, मॅकमेनेमीने विचारलं की पुढे काय ठरवलंयस? आमच्याकडे येशील का?

गोष्ट फार सुबक आहे. इतकी सुबक की इतिहासकाराचे कान टवकारतात. मॅकमेनेमी हा बोलण्यात पटाईत माणूस. साडेसहा फुटांच्या आसपास उंची, एके काळी कोल्डस्ट्रीम गार्ड्समध्ये शिपाई, स्वतः मोठ्या लीगमध्ये कधी खेळलेला नाही. त्याची ताकद पायात नव्हती, जिभेत होती. असा माणूस जेव्हा एकच गोष्ट चाळीस वर्षं सांगतो, तेव्हा तिचे कंगोरे घासून गुळगुळीत होतातच. पण मी दिव्याची गोष्ट फेकून देणार नाही. तो दिवा खरोखर हवा होता की नव्हता, हे मला महत्त्वाचं वाटत नाही. दिव्याची गरज का पडली, हा प्रश्न महत्त्वाचा.

बघा, एका क्लबशी करार असलेल्या खेळाडूला दुसऱ्या क्लबच्या मॅनेजरने परस्पर गाठून 'येतोस का' विचारणं हे फुटबॉलमध्ये नियमाला आणि रिवाजाला सोडून मानलं जातं. आधी क्लबकडे जायचं, मग खेळाडूकडे. पण दिव्यासाठी फोन करायला कोण मना करणार? तर हा दिवा म्हणजे त्या काळच्या व्यवहाराची मागची खिडकी. लग्न जमवताना आपल्याकडे मधला माणूस 'सहज इकडून चाललो होतो' म्हणत घरात शिरतो ना, त्यातला प्रकार. बखरीतला हा तपशील खरा असो वा रंगवलेला, तो त्या धंद्याची रीत अचूक दाखवतो.

आता कागद. कागद जास्त कोरडे आहेत, पण त्यांत एक गोष्ट अशी आहे की जी दिव्यापेक्षा मला जास्त चकित करते. ती म्हणजे किंमत. साउदॅम्प्टनने कीगनसाठी मोजले साधारण 4 लाख 20 हजार पौंड. आपल्याला मोठी रक्कम वाटेल. पण त्या वर्षाचा बाजार बघा. फेब्रुवारी 1979 मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टने ट्रेव्हर फ्रान्सिसला घेतलं आणि इंग्लंडमध्ये पहिल्यांदा दहा लाख पौंडांचा आकडा गाठला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मॅन्चेस्टर सिटीने स्टीव्ह डेलीसाठी आणि वुल्व्हजने अँडी ग्रेसाठी प्रत्येकी 14 लाखांच्या पुढे पैसे दिले. स्टीव्ह डेली चांगला खेळाडू असेल, पण त्याचं नाव आज लोकांना आठवतं ते पैसे वाया कसे जातात याचं उदाहरण म्हणून. आणि युरोपचा सर्वोत्तम खेळाडू त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी किमतीत! कारण हॅम्बुर्गमधून बाहेर पडण्याची त्याची किंमत आधीच करारात बांधलेली होती. 1977 ला हॅम्बुर्गने त्याला 5 लाखांना घेतलं होतं. तीन वर्षांत बाजार कुठल्या कुठे गेला, करारातला आकडा तिथेच राहिला.

म्हणजे ज्याला लोक चमत्कार म्हणत होते, त्याच्या मुळाशी एक कलम होतं. ते कलम मॅकमेनेमीने वाचलं, आणि मोठ्या क्लबांनी एकतर वाचलं नाही किंवा वाचून सोडून दिलं. लिव्हरपूलकडे त्याला परत घेण्याचा पहिला हक्क होता. त्यांनी तो वापरला नाही. इटलीला जायला घरून तयारी नव्हती, तिथल्या त्या वेळच्या हिंसाचाराच्या बातम्यांमुळे. या सगळ्यात जी फट राहिली, तिच्यातून साउदॅम्प्टनने हात घातला.

एक आणखी कागद, जो फुटबॉलच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. जून 1979 चा ब्रिटिश अर्थसंकल्प. मार्गारेट थॅचर सत्तेवर आल्यानंतरचा पहिला. त्यात कमावत्या उत्पन्नावरचा सर्वांत वरचा कर 83 टक्क्यांवरून 60 वर आणला. कीगन याच्यामुळे परत आला असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण 1977 मध्ये बाहेर जाणाऱ्या आणि 1980 मध्ये परत येणाऱ्या कुठल्याही मोठ्या पगाराच्या माणसाच्या हिशेबनिसाने हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले असणारच.

किंमत झाली. आता गुपित. मला वाटतं, आज चाहते ज्याविषयी सर्वांत जास्त हळहळतात ते हेच. 1980 मध्ये एवढी मोठी गोष्ट गुप्त राहिली कशी? एकतर बोलणारी माणसं मोजकी होती. खेळाडू, त्याची बायको, मॅनेजर, क्लबातले काही जण, हॅम्बुर्गचे काही जण. आजच्यासारखी एजंटांची फौज नव्हती. दुसरं, तेव्हा 'ट्रान्सफर विंडो' हा प्रकारच नव्हता. इंग्लंडमध्ये ती 2002-03 च्या हंगामात आली. ठरावीक महिन्यात सगळे व्यवहार उरकायचे असले, की त्या महिन्यात सगळ्यांच्या नजरा तिथेच लागलेल्या असतात. 1980 च्या फेब्रुवारीत कोणी कशाकडे डोळे लावून बसलं नव्हतं. आणि तिसरं म्हणजे कीगनचं नाव साउदॅम्प्टनशी जोडावं असं कोणाच्या डोक्यातच येत नव्हतं. जे अशक्य वाटतं त्याच्यावर पहारा बसवत नाहीत. आपल्या इतिहासात लाल महालापासून याची उदाहरणं आहेत, मी त्यात शिरत नाही, नाहीतर आपण फुटबॉल सोडून पुण्यात जाऊ.

बातमी हॉटेलातून बाहेर पडली ती रेडिओवरून, आणि 'एको' या तिथल्या संध्याकाळच्या वर्तमानपत्रातून. त्या दिवसाच्या आठवणी लोक सांगतात त्यांची घडण लक्षात घेण्यासारखी आहे. त्यात खेळाचं वर्णन जवळजवळ नसतं. असतं ते आपण कुठे होतो याचं. गोदीवर पाळी चालू होती, शाळेतून घरी येत होतो, बसमध्ये शेजारच्याने सांगितलं. आणि दुसरं म्हणजे अविश्वास. सांगणाऱ्याला वेड्यात काढलेलं असतं. बातमी पहिल्यांदा ऐकून लगेच विश्वास ठेवला असं सांगणारा माणूस विरळा. मला हे फार बोलकं वाटतं, कारण या अविश्वासात त्या शहराचं स्वतःविषयीचं मत दडलेलं आहे. आपल्या वाट्याला असं काही येत नाही, मोठी माणसं आपल्या बंदरातून जहाज पकडून दुसरीकडे जातात. टायटॅनिक याच बंदरातून निघालं होतं आणि त्याच्या खलाशांपैकी बहुतेक जण याच शहरातले होते. जगाला ती श्रीमंत उतारूंची गोष्ट वाटते. साउदॅम्प्टनमध्ये ती गल्लीगल्लीतल्या घरांची गोष्ट आहे. जगाच्या मोठ्या गोष्टी आपल्याकडून निघून जातात, याची सवय झालेलं शहर. तिथे एक मोठी गोष्ट उलट दिशेने आली.

इथे बखरीची एक नेहमीची खोड सांगून ठेवतो. आठवणीत घोषणेचा दिवस आणि पहिल्या सामन्याचा दिवस एकमेकांना चिकटतात. कीगन आला आणि खेळला, असं. प्रत्यक्षात त्यांच्यात सहा महिन्यांचं अंतर आहे. फेब्रुवारीत घोषणा झाली तेव्हा तो हॅम्बुर्गचाच खेळाडू होता आणि हंगाम संपेपर्यंत तिथेच राहिला. त्या वसंतात हॅम्बुर्गने युरोपियन कपच्या उपांत्य फेरीत रेआल माद्रिदला घरच्या मैदानावर 5-1 असं धुतलं आणि 28 मे 1980 ला माद्रिदमधल्या अंतिम सामन्यात ते नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून 0-1 ने हरले. साउदॅम्प्टनच्या चाहत्याची स्थिती काय असेल विचार करा. युरोपच्या अंतिम सामन्यात एक इंग्लिश क्लब खेळतोय, आणि समोरच्या जर्मन क्लबात 'आपला' माणूस आहे, जो अजून आपल्याकडून एक मिनिटही खेळलेला नाही. कोणाच्या बाजूने ओरडायचं? साखरपुडा झालेला जावई दुसऱ्या गावच्या कुस्तीत उतरावा तसं.

16 ऑगस्ट 1980 ला, मॅन्चेस्टर सिटीविरुद्ध, तो डेलवर उतरला. साउदॅम्प्टन 2-0 ने जिंकलं. पहिल्या हंगामात दुखापतींनी त्याला सतावलं. लीगमध्ये 27 सामने, 11 गोल. त्या वर्षी संघात सर्वांत जास्त गोल केले ते स्टीव्ह मोरन या तरुण पोराने. मॅकमेनेमीची युक्तीच ती होती: नावाजलेली, तिशीकडे झुकलेली माणसं आणायची आणि त्यांच्या शेजारी गावातली पोरं उभी करायची. 1966 चा वर्ल्ड कप जिंकलेला ॲलन बॉल आणला, चार्ली जॉर्ज आणला, डेव्ह वॉटसन आणला. मिक चॅनन हा तर तिथलाच, मॅन्चेस्टर सिटीला जाऊन परत आलेला, आणि कीगनचा इंग्लंड संघातला जवळचा मित्र. कीगनला या गावात करमेल की नाही, हा प्रश्न चॅननमुळे बराचसा सुटलेला होता, असं माझं मत.

दुसरा हंगाम मात्र खरा. 1981-82. कीगनचे लीगमध्ये 26 गोल, साऱ्या श्रेणीत सर्वाधिक. खेळाडूंनी खेळाडूंना मतं देऊन द्यायचा वर्षाचा पुरस्कार त्याला मिळाला. आणि 1982 च्या सुरुवातीला साउदॅम्प्टन पहिल्या श्रेणीच्या तक्त्यात सर्वांत वर गेलं. क्लबच्या इतिहासात पहिल्यांदाच. दोनेक महिने ते तिथे टिकलं. मग घसरण लागली. बचाव कच्चा होता, गोल करायचे तितकेच खायचे. मे महिन्यात कोव्हेंट्रीविरुद्धचा सामना 5-5 सुटला, यातच काय ते समजा. लीग जिंकली लिव्हरपूलने.

त्या हंगामातला एक गोल मला या व्याख्यानासाठी फार महत्त्वाचा वाटतो. डिसेंबर 1981, डेल, समोर मॅन्चेस्टर युनायटेड. कीगनने हवेत उलटं होऊन, डोक्यावरून लाथ मारून चेंडू जाळ्यात धाडला. आपण ज्याला बायसिकल किक म्हणतो ती. त्या मैदानावर झालेल्या सर्वांत देखण्या गोलांपैकी एक, असं पाहणारे सांगतात. आणि तो गोल नोंदीत नाही. पंचांनी ऑफसाइड देऊन रद्द केला. सामना साउदॅम्प्टनने 3-2 ने जिंकला, त्या तिनांत हा नाही. कीगनच्या त्या वर्षीच्या 26 गोलांत हा नाही. राजवाड्यांच्या पद्धतीने गेलं तर तो झालाच नाही. लोकांना कीगनचे बाकीचे किती गोल नीट आठवतात कोण जाणे, पण न झालेला हा गोल मात्र अनेकांना आठवतो, चेंडू कुठल्या बाजूने आला इथपासून.

आता शेवटाकडे, म्हणजे त्याच्या जाण्याकडे. इथे आठवण कडवट होते आणि म्हणूनच प्रामाणिकही होते. 1982 च्या उन्हाळ्यात स्पेनला वर्ल्ड कप झाला. पाठीच्या दुखण्यामुळे कीगन स्पेनविरुद्धच्या सामन्यात शेवटची सव्वीसेक मिनिटंच खेळू शकला. इकडे साउदॅम्प्टनने इंग्लंडचा गोलरक्षक पीटर शिल्टन याला घेतलं. शिल्टन मागे, कीगन पुढे, यंदा आपण लीग जिंकतो, असं वातावरण. आणि हंगाम सुरू व्हायला आठवडा-दहा दिवस उरलेले असताना बातमी आली की कीगन चालला. कुठे? न्यूकॅसलला. दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबात! 1 लाख पौंडांना.

का गेला? त्याने नंतर सांगितलं की मोसमाच्या उत्तरार्धात एका मोठ्या पराभवानंतर मॅनेजरने संघाला जे सुनावलं ते त्याला झोंबलं, आणि संघ बळकट करायला हवा तसा केला जात नाही असंही त्याला वाटत होतं. मॅकमेनेमीच्या बाजूलाही काही असणार. मी न्यायाधीश होत नाही. पण ज्यांनी हंगामाची तिकिटं काढली होती, त्यांचा विचार करा. शिल्टन आणि कीगन साउदॅम्प्टनच्या शर्टात एकत्र एकही सामना खेळले नाहीत.

आणि आता नकाशावर वर चला, तीनशे मैल उत्तरेला. न्यूकॅसलच्या गोसफर्थ पार्क हॉटेलात ऑगस्ट 1982 मध्ये पुन्हा पत्रकार परिषद. पुन्हा तोच माणूस दारातून आत येतो, पुन्हा तोच अविश्वास. कीगनचं घराणं मूळचं त्याच भागातलं, कोळशाच्या खाणींत काम करणारं. त्याचे वडील लहानपणी त्याला न्यूकॅसलच्या जुन्या खेळाडूंच्या गोष्टी सांगायचे. 28 ऑगस्टला क्वीन्स पार्क रेंजर्सविरुद्ध पस्तीस हजारांहून जास्त लोक जमले, आणि 1-0 च्या विजयातला तो एक गोल कीगनचा. तिथे तो दोन हंगाम राहिला, क्लबला पहिल्या श्रेणीत घेऊन गेला आणि 1984 च्या मे महिन्यात निरोपाच्या सामन्यानंतर मैदानातूनच हेलिकॉप्टरने उडून गेला. पुढे 1992 मध्ये मॅनेजर म्हणून तिथेच परत आला. न्यूकॅसलमध्ये विचारा, 'कीगन आला तो दिवस' म्हणजे कोणता? ते 1982 सांगतील. साउदॅम्प्टनचं 1980 त्यांच्या गोष्टीत नाहीच, असलं तर 'आधी तो कुठेतरी दक्षिणेत होता' इतकंच.

मला हे फार रोचक वाटतं. एका शहराची सर्वांत आनंदाची बातमी, ती नेमकी दुसऱ्या शहराची सर्वांत जिव्हारी लागलेली बातमी, आणि घटना एकच, तारीख एकच, कागदही एकच. करारावर दोन्ही क्लबांच्या सह्या आहेत. पण बखरी दोन. एकीत तो सुरुवातीच्या पानावर आहे, दुसरीत तेच पान शेवटचं. सुरुवातीला विचारलं होतंत ना, साउदॅम्प्टनच का? म्हणून साउदॅम्प्टन. जिंकलेल्यांच्या आठवणी कपाटातल्या कपांवरून ताडून बघता येतात. इथे कपाटात काही नाही. लोकांनी दिवस जपला तो केवळ दिवस म्हणून, आणि ज्याने तो दिला त्यानेच दोन वर्षांनी तसाच दिवस दुसऱ्यांना दिला, हे माहीत असूनही जपला. हॅम्बुर्गच्या दिव्याची गोष्ट तिथे अजून हसत सांगितली जाते. सांगून झाल्यावर एखादा हळूच जोडतोही, की दिवा आला, पण फार दिवस जळला नाही.

डेल आता नाही. 2001 मध्ये क्लब तिथून नव्या मैदानावर, सेंट मेरीज स्टेडियमवर गेला आणि जुनं मैदान पाडून तिथे घरं बांधली. त्या इमारतींना क्लबच्या माणसांची नावं दिली आहेत. 1976 चा गोल करणाऱ्या स्टोक्सच्या नावाने एक, जुना मॅनेजर टेड बेट्स याच्या नावाने एक, शिवाय चॅनन, वॉलेस आणि ल टिसिए. कीगनच्या नावाची इमारत तिथे नाही.

प्रश्न असतील तर घेऊ या.